गती, बल आणि संवेग : विषयात शिरण्याआधी

यामिकी म्हणजे वस्तू का हलतात, कशा हलतात आणि का थांबतात याचा अभ्यास. भौतिकशास्त्र शिकायचे तर सुरुवात इथूनच होते. महाराष्ट्रातल्या इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यातला विद्यार्थी तो पाठ वाचतो, तीन नियम पाठ करतो, सूत्रांत आकडे घालून गणिते सोडवतो, गुणही मिळवतो. तरी त्याच्या मनातला एक जुना समज बहुतेक वेळा जागचा हलत नाही. पुढचा सारा विषय त्या समजाशी अडखळत राहतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू.

वस्तू चालती ठेवायची असेल तर तिला सतत ढकलावे किंवा ओढावे लागते, असा तो समज आहे. ढकलणे थांबले की वस्तू थांबते. हा समज फक्त शाळकरी मुलांचा नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बलाविषयीच्या कल्पना तपासणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्र नाही, फक्त साधे प्रश्न आहेत. वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यावर त्याच्यावर कोणकोणती बले असतात, अशा धर्तीचे. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलेली, अवघड गणिते सोडवणारी मुलेसुद्धा ‘वर नेणारे बल’ चेंडूच्या सोबत चालले आहे असे मोठ्या संख्येने सांगतात.

या मुलांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा समज अनुभवातून आलेला आहे, आणि अनुभव खरा आहे. पावसाळ्यात चिखलाच्या पांदणीतून बंडी नेणाऱ्या माणसाला विचारा. बैल थांबले की बंडी त्याच क्षणी थांबते, एक हातभरही पुढे जात नाही. सिहोऱ्याच्या बांध्यांमध्ये, चांदपूरच्या तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या पट्ट्यात, ज्याने चिखलणी केली आहे त्याला, ढकलल्याशिवाय वस्तू चालत नाही हे अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे मुद्दाम शिकवावे लागत नाही. ते त्याच्या खांद्यांना ठाऊक असते.

अडचण येते ती हातातून सुटलेल्या वस्तूची. गोफणीतून दगड सुटला, धनुष्यातून बाण सुटला, आता त्याला कोण ढकलते? हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी नेमका मांडला गेला होता. कणादांच्या वैशेषिक परंपरेने बाणाच्या प्रवासाचे दोन भाग केले. पहिली हालचाल दोरीच्या ढकलण्याने होते, तिला त्यांनी नोदन म्हटले. नंतरची हालचाल बाणात निर्माण झालेल्या ‘वेग’ नावाच्या संस्कारामुळे होते. तो संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदान याने ‘इम्पेटस’ नावाची जवळपास तशीच कल्पना मांडली. दोन्ही ठिकाणी चाल कायम ठेवणारे कारण बाहेरच्या ढकलण्यातून वस्तूच्या आत आले. ही मोठी झेप होती. आपल्या पूर्वजांनी न्यूटनचे नियम आधीच सांगून ठेवले होते, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हटले की त्यांनी खरोखर काय केले तेच दिसेनासे होते. गती टिकायला काहीतरी कारण हवेच, हे त्यांनी गृहीत धरले होते. सतराव्या शतकात कोसळले ते नेमके हे गृहीतक.

ते कसे कोसळले हे पाहायला तुमसर रोडला जावे. हावडा–नागपूर–मुंबई मार्गावरचे हे जंक्शन. छत्तीसगडकडून कोळसा घेऊन नागपूरकडे जाणारी मालगाडी या मार्गावरून धडधडत जाते. समजा, ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेल्या अशा गाडीचे ओढणारे इंजिन बंद केले, ब्रेक लावलाच नाही आणि मार्ग सपाट आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना होणारा विरोध इतका थोडा असतो की ती गाडी कित्येक किलोमीटर जाईल. आता या गाडीला चिखलातल्या बंडीच्या शेजारी ठेवून पाहा. मध्ये डांबरी रस्त्यावरची सायकल ठेवा, पायडल मारणे थांबवल्यावरही काही अंतर जाणारी. तिन्हींमध्ये ढकलणे थांबलेले आहे. फरक आहे तो विरोधाचा. विरोध जितका कमी, तितकी वस्तू पुढे जाते. मग विरोध शून्य केला तर?

गॅलिलिओने हाच प्रश्न उतरणीवरून घरंगळणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारला. पृथ्वीवर विरोध शून्य करता येत नाही, म्हणून उत्तर त्याने विचाराने गाठले : वस्तू थांबणारच नाही. आज त्याचा दाखला आकाशात आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. ते २४०० कोटी किलोमीटरपेक्षाही पलीकडे गेले, आणि त्याला पुढे ढकलणारे कोणतेही इंजिन चालू नाही.

तेव्हा बंडी थांबते ती ढकलणे थांबले म्हणून, असे नाही. तिला चिखल थांबवतो. बैल ओढत होते तेव्हाही चिखल ओढतच होता, उलट्या दिशेने. आपण बैलांचे बल मोजले आणि चिखलाचे मोजायचे विसरलो. या पुस्तकात एखादी एकच सवय लागावी असे मला वाटत असेल तर ती ही : कोणत्याही वस्तूकडे पाहताना तिच्यावर काम करणारी सगळी बले लिहून काढायची. घर्षण, हवा, जमीन, दोरी, पृथ्वी, एकही वगळायचे नाही. बलांची बेरीज शून्य आली तर वस्तू आहे त्या वेगाने, त्याच दिशेने जात राहते. स्थिर असणे हा त्याचाच एक प्रकार, वेग शून्य असलेला. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’मध्ये हा नियम पहिला ठेवला. पाठ्यपुस्तके त्याला दुसऱ्या नियमाचे एक सोपे उदाहरण समजून उरकतात, ते मला पटत नाही. गतीबद्दल काय विचारायचे, हेच या नियमाने बदलून टाकले. ‘वस्तू का चालते’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘तिची चाल का बदलते’ हा पुढे आला.

चाल किती बदलते, हे दुसरा नियम सांगतो. त्याचे सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक मला खळ्यावर दिसते. धान चुरून झाले की उफणणी होते. बाई सूप डोक्याच्या उंचीला धरते आणि वाऱ्यात धान हळूहळू सोडते. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट दाणा पुढे जातो, कोंडा आणि तणसाचे तुकडे आणखी पुढे. असे का होते? भरलेला दाणा आणि पोचट दाणा यांचा आकार जवळजवळ सारखा, त्यामुळे वारा दोघांनाही जवळजवळ सारख्याच बलाने ढकलतो. वेगळे आहे ते वस्तुमान. भरलेला दाणा साधारण २० ते २५ मिलिग्रॅमचा, पोचट त्याहून कितीतरी हलका. बल तेच, वस्तुमान कमी, म्हणून त्वरण जास्त. खाली पोचायला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या आसपासच्या वेळात हा आडवा फरक हातभर होतो, आणि धान निवडले जाते. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण हे सूत्र इथे डोळ्यांनी दिसते. आता बरेचसे काम यंत्रातल्या पंख्याकडे गेले आहे, पण पंख्याने नियम बदललेला नाही. (हे सूत्र आज ज्या रूपात लिहितात त्या रूपात न्यूटनने दिले नव्हते. त्याने गतीतला बदल बलाच्या प्रमाणात असतो असे शब्दांत सांगितले. आजचे रूप ऑयलरकडून, १७५० च्या सुमारास आले.)

वस्तुमान आणि वजन यांचा घोळ इथेच निस्तरून टाकू. धानाचे पोते ४० किलोचे, हे वस्तुमान झाले. ते पोते चंद्रावर नेले तरी ४० किलोच राहील, ढकलायला तितकेच जड जाईल. वजन म्हणजे पृथ्वी त्याला ओढते ते बल, आणि ते जागेप्रमाणे थोडे बदलते. सिहोऱ्यात गुरुत्व त्वरण सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, पॅरिसमध्ये ९.८१. पुस्तकातली ९.८ ही संख्या आकडेमोडीच्या सोयीसाठी आहे.

तिसरा नियम म्हणायला सगळ्यांत सोपा आणि पचायला सगळ्यांत अवघड. बैल बंडीला जितक्या बलाने पुढे ओढतात तितक्याच बलाने बंडी बैलांना मागे ओढते. मग बंडी हलते कशी? हा प्रश्न जो विद्यार्थी विचारतो तो विषयात शिरला असे समजावे. ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, त्यांची वजाबाकी करता येत नाही. बंडीचे काय होणार हे पाहायचे तर फक्त बंडीवरची बले मोजा : बैलांची ओढ पुढे, चाकांना होणारा विरोध मागे. बैलांचे काय होणार हे पाहायचे तर फक्त बैलांवरची : बंडीची ओढ मागे, जमिनीचा रेटा पुढे. हो, जमिनीचा. बैल खुराने जमीन मागे ढकलतात आणि जमीन त्यांना पुढे ढकलते. गाऱ्यात खूर घसरू लागले की बैलांची ताकद तीच असूनही बंडी रुतून बसते, कारण ढकलून घ्यायला जमीनच उरलेली नसते. वैनगंगेच्या काठावर डोंगा हाकणारा नावाडीही बांबू नदीच्या तळाला मागे रेटतो, आणि तळ डोंग्याला पुढे पाठवतो.

मग जिथे ना जमीन ना तळ, तिथे काय? १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेख लिहून अग्निबाण तयार करू पाहणाऱ्या रॉबर्ट गॉडर्डची खिल्ली उडवली होती. निर्वात पोकळीत रेटा द्यायला काहीच नसताना अग्निबाण चालेल कसा, असा त्यांचा आक्षेप होता. १९६९ साली माणूस चंद्राकडे निघाला तेव्हा त्या वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली. अग्निबाण हवेला रेटत नाही, स्वतःच्याच जळलेल्या इंधनाच्या वायूला मागे रेटतो, आणि तो वायू त्याला पुढे रेटतो. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोचवला, तेव्हा त्या यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. भारताच्या घन इंधनाच्या कामात पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांचा वाटा फार मोठा, आणि त्या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकही तेच होते. आपल्या भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, प्रणोदके बनतात. ती तोफेच्या नळीत जळतात तेव्हा गोळा पुढे जातो आणि तोफ मागे हटते. अग्निबाण आणि तोफ यांचा हिशेब एकच आहे, आणि तो हिशेब संवेगाचा.

संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. व्याख्या एका ओळीची आहे, पण विद्वानांना ती पकडायला पिढी लागली. देकार्तने विश्वातल्या गतीचा एकूण साठा कायम राहतो असे सांगितले, मात्र मोजताना दिशा सोडून दिली, आणि टकरीचे त्याचे नियम बहुतेक चुकले. १६६८-६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी टकरीवरचे आपापले निबंध ठेवले, तेव्हा गाडे रुळावर आले. दिशा धरली, म्हणजे एकीकडचा संवेग धन आणि विरुद्ध दिशेचा ऋण मानला, की टकरीआधीची आणि टकरीनंतरची बेरीज जुळते.

पुन्हा त्या मालगाडीकडे येऊ. कोळशाच्या एका भरलेल्या वाघिणीचे वस्तुमान सुमारे ८१ टन. अशा ५८ वाघिणी म्हणजे सुमारे ४७०० टन. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगाने तिचा संवेग सुमारे ७.८ कोटी किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. त्याच वेगाने जाणाऱ्या स्वारासहित २०० किलोच्या मोटारसायकलचा संवेग ३३०० च्या आसपास. गाडीला एक किलोमीटरमध्ये थांबवायचे तर सुमारे दोन मिनिटे सतत साडेसहा लाख न्यूटनचे बल उलट दिशेने लावावे लागेल. चालकाने फाटकावर अडकलेले वाहन पाहिले तरी त्याच्या हातात ब्रेकशिवाय काही नसते, आणि ब्रेकला वेळ हवा असतो. संवेगातला बदल म्हणजे बल गुणिले वेळ. वेळ कमी मिळाला तर बल वाढलेच पाहिजे. भिंतीवरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो ते वेळ वाढवण्यासाठी. हेल्मेटच्या आतला फेसासारखा थर चेपतो तोही क्षणाचा काही भाग वाढवून कवटीवरचे बल कमी करण्यासाठी.

हंगामात तुमसर–बपेरा रस्त्यावर धानाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. त्यांचे एक गणित इथेच करून टाकतो, कारण ते माझ्या दृष्टीने या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे गणित आहे. ट्रॅक्टर २ टनांचा, भरलेली ट्रॉली ५ टनांची धरू. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत आणि ट्रॅक्टरचे ब्रेक १० हजार न्यूटनचे बल देतात असे धरू. वेग ताशी २० किलोमीटर. एकटा ट्रॅक्टर १.१ सेकंदात, ३.१ मीटरमध्ये थांबतो. ट्रॉली जोडली की तेच ब्रेक ७ टनांना थांबवू पाहतात. त्याला ३.९ सेकंद लागतात, आणि तोवर जोडी १०.८ मीटर पुढे गेलेली असते. चालकाच्या पायाखालचे ब्रेक तेच, वेग तोच, तरी अंतर साडेतीन पट. मध्ये एखादे मूल रस्ता ओलांडत असेल तर हे साडेतीन पट म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. प्रत्येक शाळेत हे गणित फळ्यावर सोडवले जावे असे मला मनापासून वाटते, आणि ट्रॉलीला ब्रेक असावेत असेही.

संवेगाची बेरीज कायम राहते ती का, याचे उत्तर न्यूटनला तिसऱ्या नियमातून मिळाले. त्याहून खोल उत्तर १९१८ साली एमी नोएदर या जर्मन गणितज्ञ बाईंनी दिले. निसर्गाचे नियम जागा बदलल्याने बदलत नाहीत, आणि संवेग कायम राहणे हा त्याचाच गणिती परिणाम आहे. बावनथडीच्या काठी केलेला टकरीचा प्रयोग केंब्रिजमधल्या प्रयोगाशी जुळतो ही सोय म्हणून मिळालेली गोष्ट नाही, तोच संवेगाच्या अक्षय्यतेचा पाया आहे. आइन्स्टाइनने १९०५ साली वेगाच्या कल्पना बदलल्या, पुंजयामिकीने बलाची कल्पनाच मागे सारली, तरी संवेगाचा हा नियम टिकला. या पुस्तकातल्या किती गोष्टी पुढच्या वर्गांत सुधाराव्या लागतात ते तुम्हाला दिसेलच. ही त्यांतली नव्हे.

सगळेच मिटले आहे असेही समजू नका. वस्तू बदलाला विरोध करते, त्याला आपण जडत्व म्हणतो. पण ते येते कुठून? एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख याने सुचवले की एखाद्या वस्तूचे जडत्व विश्वातल्या इतर सगळ्या पदार्थांशी बांधलेले असावे. १९६४ मध्ये फ्रेड हॉयल आणि कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर यांनी याच कल्पनेवर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा केला. तो सर्वमान्य झाला नाही, पण प्रश्न अजून उभा आहे. नारळीकरांनी पुढे उभारलेल्या पुण्याच्या आयुका संस्थेत फूकोचा लंबक टांगलेला आहे. त्याचे झोक्याचे प्रतल सावकाश फिरताना दिसते, पुण्याच्या अक्षांशावर ताशी पावणेपाच अंशांच्या आसपास. तोच लंबक सिहोऱ्यात टांगला तर ताशी साडेपाच अंश फिरेल. लंबक कोणाच्या तुलनेत आपली दिशा राखतो, खोलीच्या, पृथ्वीच्या की दूरच्या ताऱ्यांच्या? शेवटच्या प्रकरणात आपण तिथपर्यंत जाऊ.

वाचायला बसण्याआधी एक काम करा. गॅलिलिओकडे अचूक घड्याळ नव्हते, म्हणून त्याने गोळे उतरणीवरून सोडून पडण्याची गती मंद केली आणि पाण्याची बारीक धार सोडून वेळ मोजली. समान वेळात कापलेली अंतरे त्याला १, ३, ५, ७ या प्रमाणात मिळाली. तुमच्या घरात बहुधा मंदगती चित्रण करणारा मोबाइल आहे. भिंतीवर खडूने मीटरभराची मापपट्टी आखा, तिच्याजवळून एक खडा सोडा आणि सेकंदाला १२० चित्रे घेणारे चित्रण करा. खडा हातातून सुटल्याच्या क्षणापासून दर बाराव्या चित्रातली जागा वहीत लिहा. हिशेबाने ४.९, १९.६, ४४.१ आणि ७८.४ सेंटीमीटर यायला हवेत. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. ते खोडू नका, जसे आले तसे तारखेसह लिहून ठेवा आणि शेजारी त्यांच्या चुकण्याची तुम्हाला वाटणारी कारणे लिहा. पहिले प्रकरण त्याच वहीला समोर ठेवून वाचायचे आहे.